तेरखेड्याच्या ओढ्यातली किक

सांगलीहून निघताना आमच्या गल्लीतल्या, भाड्याने पिकअप चालवणाऱ्या दत्तूने माझी गाडी त्याच्या पिकअपमध्ये चढवली, दोन्ही बाजूंनी पट्टे आवळले आणि विचारलं, "ताई, एकदा चालू करून बघू का?" मी नको म्हटलं. शेजारी झोपलेत, असं कारण दिलं. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि शेजारी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खरं सांगायचं तर मला तो आवाज ऐकायचा नव्हता.

ही गाडी रस्त्यावर दिसते तशी मोटरसायकल नव्हे. तिला सीट नाही, दिवा नाही, नंबरप्लेट नाही. वजन जेमतेम सत्तर किलो. ट्रायल्स नावाच्या खेळासाठी ती बनवलेली असते. मोठमोठ्या धोंड्यांवरून, ओढ्यांतून, पाय जमिनीला न टेकवता ती उभ्यानेच चालवायची. बटण दाबून ती सुरू होत नाही. किक मारावी लागते, आणि तीही नीट. दहा महिन्यांपूर्वी मी ती अर्धवट मारली. दांडा उलटा आला आणि माझा उजवा घोटा मोडला. आत पट्टी आणि सहा स्क्रू बसले. मी आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवते. तीन महिने स्टुलावर पाय ठेवून फळ्यावर रेघा मारल्या.

डॉक्टरांनी दिवाळीनंतर परवानगी दिली. पण सांगलीत आमचा सात-आठ जणांचा गट आहे, आणि त्यांच्यासमोर पहिली किक मारायची माझी हिंमत नव्हती. म्हणून संक्रांतीनंतर रजा टाकली आणि बेंबळीला आत्याकडे जायचं ठरवलं. आत्याच्या शेताच्या वरच्या अंगाला नुसता दगडांचा माळ आहे. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. माळावर हात बसला की तेरखेड्याचा खडकाळ ओढा गाठायचा होता.

बेंबळी

आत्या त्रेसष्ट वर्षांची. यजमान गेल्यापासून अकरा एकर एकटी बघते. आम्ही पोचलो तेव्हा ती तुरीच्या तुराट्यांचे भारे मोजून घेत होती. गाडी खाली उतरवताच तिने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"ह्याला बसायला जागाच न्हाय की."

उभ्याने चालवतात, असं मी सांगितलं. संध्याकाळपर्यंत दोनदा अंगणात येऊन ती गाडीकडे बघून गेली.

जेवायला येसराची आमटी होती. भाजलेल्या धान्य-मसाल्याचं ते पीठ आमच्याकडे नसतं. आम्ही कांदा-लसणाच्या चटणीवर वाढलेली माणसं. आमच्या घरी भाकरी ताटात एकेक करून पडते. आत्याकडे दुरडीच पुढ्यात येते आणि तुम्ही पोटावर हात ठेवेपर्यंत उचलली जात नाही. दत्तूने पाच खाल्ल्या. माझ्या घशाखाली दीड उतरली. उद्या सकाळी किक मारायची, हे एकच डोक्यात होतं.

सकाळी बांधावर हुरडा भाजला होता. मी कणसं चोळत बसले होते तेवढ्यात दत्तूने मदत म्हणून टाकीत पेट्रोल भरलं, नुसतं. या इंजिनाला पेट्रोलात मोजून ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर आतला पिस्टन घासून जाम होतो आणि मग गाडी भंगारातच. मी ओरडले नाही. नळी काढून सगळं पेट्रोल आत्याच्या कॅनमध्ये रिकामं केलं, नव्याने मिसळण करून भरलं. दत्तूचा चेहरा पडला. त्याला काय ठाऊक असणार? मीच सांगायला हवं होतं.

मग मी त्यालाच म्हटलं, "तूच मार किक. माझा घोटा जरा दुखतोय."

त्याने दोन किकमध्ये चालू केली. मी माळावर गेले. चालवायला मात्र मी विसरले नव्हते. गुडघाभर उंचीच्या धोंड्यावर पुढचं चाक चढलं, मागचं आपोआप वर आलं, आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. पण गाडी या खेळात बंद पडतेच. पडली की मी हात वर करायचे आणि दत्तू ढेकळांतून पळत यायचा, किक मारायचा, परत जायचा. पाचव्या खेपेला तो धापा टाकत म्हणाला, "ताई, ओढ्यात पण मी तुमच्या मागं पळायचं का?"

आत्या बांधावर बसून हे सगळं बघत होती. दुपारी वाढताना तिने विचारलं, "तुला त्या दांड्याची भीती वाटती व्हय?"

घोटा दुखतो, असं मी पुन्हा सांगितलं. तिने भाकरी वाढली आणि म्हणाली की ढोकीला बब्रुवान मिस्त्री आहे, तिच्या यजमानांची फटफटी तोच बघायचा, त्याला एकदा गाडी दाखव.

ढोकी

ढोकीच्या रस्त्याला ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग होती, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. त्यांच्या मागे पिकअप इतकी हळू चालली की बाजूने चालणारी ऊसतोडीची बाई आमच्या पुढे निघून गेली. मिस्त्रीचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि बाहेर उलट्या पडलेल्या ट्रॉलीचा सांगाडा. मिस्त्री सत्तरीचा, अंगाने काटकुळा. त्याने ट्रायल्सची गाडी जन्मात पाहिली नव्हती, पण इंजिन बघताच तो खाली बसला.

"ही जुन्या फटफटीवानीच हाय. धूर करनारी."

त्याने किकचा दांडा हलवून बघितला. तो जिथे बसतो तिथले दाते मळाने भरले होते आणि बोल्ट सैल होता. त्याने दांडा काढून दाते तारेच्या ब्रशने साफ केले, बोल्ट बदलला, आवळला. मग एअर फिल्टर बाहेर काढायला लावला. तो मी नीट धुऊन तेल लावून बसवला होता, त्यावर तो खूश झाला. माझं काम बरं आहे आणि पायच खराब आहे, हे त्याने एवढ्यात ओळखलं असावं. कारण सुरुवातीला त्याने मला पाय लावूच दिला नाही. दांड्यावर हात ठेवून खाली दाबायला सांगितलं.

"हितं अडतंय बगा. अडलं की थांबायचं. जरासं पुढं सरकू द्यायचं, दांडा वर घ्यायचा, आन् मग सगळं अंग टाकायचं. मधीच पाय काढायचा न्हाय. अर्ध्यात सोडलं की ते मागं मारतंय."

मी हाताने दहा-बारा वेळा ती अडणारी जागा शोधली. मग तो म्हणाला, आता पायाने. मी म्हटलं, उद्या मारते. त्याने आग्रह केला नाही. चहा पिताना त्याने आपली विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि नडगीवरचा जुना वण दाखवला. तरुणपणी फटफटीच्या किकनेच मोडली होती. त्यानंतर दोन महिने तो गिऱ्हाइकालाच किक मारायला लावायचा.

"मग भीती गेली कशी?" मी विचारलं.

"गेली न्हाय. गिऱ्हाईक वैतागलं, मग मारावी लागली."

दत्तू हसला. मला हसू आलं नाही.

तेरखेडा

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघालो. येरमाळ्याच्या पुढे डोंगर सुरू होतो. तेरखेड्याच्या अलीकडून पलीकडे फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या, आणि त्यांच्या मागे शेतांत एकमेकींपासून दूर दूर ठेवलेल्या बुटक्या शेड. ओढ्याची वाट विचारायला दत्तूने अशाच एका शेडकडे पिकअप वळवली. आतून एक बाई हात हलवत पळत आल्या. चाळिशीच्या, हातांना राखाडी दारू लागलेली. पिकअपमधून पेट्रोलचा वास येत होता. वाटेत टाकीचं झाकण ढिलं झालं होतं.

त्यांनी आवाज चढवला नाही. हे काय आणलंय आणि कुठं थांबवलंय, एवढंच विचारलं. आत बावीस माणसं बसली आहेत, म्हणाल्या. मग ओढ्याची वाट सांगितली आणि गाडी पार पुढं नेऊनच उतरवा, म्हणाल्या. मी माफी मागितली. दोन किलोमीटर पुढे जाऊन आधी ते झाकण आवळलं.

हमरस्ता सोडून कच्च्या वाटेने आम्ही ओढ्याच्या तोंडाशी थांबलो. दत्तूने किक मारून दिली. तो तिथेच थांबणार होता, कारण वर मोबाइलला रेंज नव्हती. मी मनाशी हिशेब केला होता की वर गाडी बंद पडली तर ढकलत खाली आणायची. उतारावर गियरमध्ये टाकून ढकलली तर ती चालूही होते, पण या ओढ्यात चाक चार हातसुद्धा सलग फिरेल अशी जागा नव्हती. तासभर मी अशी चालवत होते की जणू हातात भरलेलं भांडं आहे. काळे, गुळगुळीत धोंडे, मध्ये हिरव्या पाण्याची डबकी, काठाला करंज. एरवी मी थांबून बघितलं असतं. त्या दिवशी माझे कान फक्त इंजिनाकडे होते.

ओढा जिथे अरुंद होतो तिथे इंजिनाच्या आवाजावर एक हाक ऐकू आली. वर बघितलं तर एक बाई दरडीवरून दोन्ही हात हलवत होती. नऊवारी लुगडं, खांद्यावर घोंगडी, मागे मेंढरं विखुरलेली. गडबडीत मी गाडी दगडाला टेकवायला गेले आणि ती आडवी झाली. मनगटाला बांधलेली दोरी सुटली. पडल्यावर इंजिन बंद व्हावं म्हणूनच ती असते. इंजिन बंद झालं. टाकीतून पेट्रोल ठिबकत होतं, आणि मी तशीच पळत वर गेले.

बाईंचं नाव कोंडाबाई. त्यांचे यजमान मारुतीराव सकाळी मेंढरांसाठी पाला तोडताना दरडीवरून दहा-बारा फूट खाली पडले होते. उजवी मांडी फुगून ताठ झाली होती, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं होतं. मी पावलाला हात लावला. दुसऱ्या पायापेक्षा ते गार होतं. ते शुद्धीवर होते, पण ओठ पांढरे.

"दोन घंटं झालं वराडतीया," कोंडाबाई म्हणाल्या. "टेकडीच्या पल्याड फोन लागतोय, पर ह्यांला टाकून कशी जाऊ?"

मारुतीरावांना हलवू नका, पाणी फक्त ओठांना लावा, असं मी सांगितलं. माझं जाकीट आणि त्यांची घोंगडी अंगावर घातली. खाली माझा माणूस आहे, मी जाऊन फोन करते, म्हटलं. चालत गेले असते तर या घोट्यावर मला दोन तास लागले असते.

गाडी उभी केली. मनगटाची दोरी परत बसवली. दांडा बाहेर काढला. पाय ठेवला.

पहिली किक मी मारली तीच मुळात घाबरून. दुसरी, तिसरी, दहावी. दांडा नुसता खाली जायचा. प्रत्येक वेळी पेट्रोल आणखी आत जात होतं आणि वास वाढत होता. इंजिन पेट्रोलने भरलं होतं हे मला कळत होतं. अशा वेळी काय करायचं हे मी चार जणांना शिकवलंही आहे. पण तिथे काही म्हणजे काही सुचेना. घोट्यातून वर गुडघ्यापर्यंत कळ येत होती. मागून कोंडाबाई उतरून आल्या आणि जरा वेळ उभ्या राहिल्या.

"व्हत न्हाय का?"

"होईल," मी म्हटलं.

"तुमी पाय अर्ध्यातच उचलताय, बाई."

त्यांनी अशी गाडी कधी पाहिली नव्हती. त्यांनी फक्त माझा पाय पाहिला होता. मी दांड्यावरून पाय काढला आणि खाली बसले. श्वास जागेवर आला तसं एकेक आठवलं. आधी पेट्रोलचा कॉक बंद. कमरेच्या पिशवीतून पाना काढून स्पार्क प्लग उघडला. तो ओला काळा होता. पुसायला माझ्याकडे कोरडं काही नव्हतं. कोंडाबाईंनी लुगड्याचा पदर पुढे केला आणि त्यांनीच तो पुसला, मी दाखवला तसा, टोकापर्यंत. प्लग बाहेर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून सात-आठ किक मारल्या. प्लगच्या भोकातून पेट्रोलचे तुषार उडाले. आता उलटं मारायला आत काही नव्हतं, त्यामुळे पाय तळापर्यंत जात होता, आणि तो जातो हे मला कळलं.

प्लग बसवला. कॉक बंदच ठेवला. दांडा हळूच दाबत अडणारी जागा शोधली, जरा पुढे सरकवला, वर घेतला. कोंडाबाई दोन पावलं मागे सरल्या. मी दोन्ही हातांनी हँडल धरून अंग वर उचललं आणि सगळं वजन त्या पायावर टाकलं.

काही झालं नाही. दुसऱ्यांदा टाकलं. इंजिन एकदा खोकलं. तिसऱ्यांदा ते निळा धूर सोडत पेटलं आणि मी कॉक उघडला. कोंडाबाई वळून दरडीकडे चढायला लागल्या होत्या.

खाली यायला वीस मिनिटं लागली. दत्तूने रुग्णवाहिकेला फोन केला. ती कच्च्या वाटेपर्यंत येणार, ओढ्यात नाही. माणसं हवी होती, आणि जवळची माणसं म्हणजे ती फटाक्यांची शेड. मी गाडी शेडपासून बरीच अलीकडे, एका लिंबाखाली बंद केली आणि लंगडत चालत गेले. सकाळच्या त्याच बाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हाताकडे, बुटांकडे बघितलं, ऐकून घेतलं, आणि आत जाऊन चौघांना हात धुवायला लावून बाहेर काढलं. कुणीतरी शेजारच्या वस्तीवरून बाज आणली, कुणी दोर.

मला पुढे जाऊन जागा दाखवायची होती. लिंबाखाली मी एकटीच होते. दत्तू रुग्णवाहिकेला वाट दाखवायला हमरस्त्यावर गेला होता. त्या वेळी किक मारताना मी डोळे घट्ट मिटले होते, हे कबूल करते. पहिल्याच किकमध्ये चालू झाली.

मारुतीरावांना खाली आणायला दीड तासावर वेळ गेला. चौघे बाज धरून होते, वस्तीवरचा एकजण पुढून धोंडे दाखवत होता. मारुतीराव एकदाही कण्हले नाहीत. त्याचीच मला जास्त धास्ती वाटत होती. कोंडाबाई पाऊल हातात धरून बाजेच्या बाजूने चालत होत्या, ते गार पडू नये म्हणून. मध्येच त्यांचे चुलतदीर बातमी कळून आले आणि मेंढरांकडे वर गेले. रुग्णवाहिकेचं दार लागलं तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी पाणी प्यायलेली नाही.

धाराशिव

दुसऱ्या दिवशी मी आत्याच्या अंगणात गाडी खोलून बसले. एअर फिल्टर रॉकेलमध्ये धुतला, चेन पुसली, नवीन प्लग लावला. मग किक मारायला उभी राहिले. वाटलं होतं की आता काही वाटणार नाही. पण दांड्यावर ठेवलेला पाय मी दोनदा परत काढला. आत्या दारात उभी होती. मी अडणारी जागा शोधली आणि मारली. गाडी चालू झाल्यावर आत्या आत गेली, आणि चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा वास आला.

आणखी एक दिवस थांबून आम्ही सांगलीला परत निघालो आणि आधी धाराशिवच्या दवाखान्यात गेलो. मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. पावलाकडे जाणारं रक्त अडत चाललं होतं; आणखी तासभर तसंच राहिलं असतं तर पायाची खात्री देता आली नसती, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी ते ऐकलं आणि पहिल्या दहा किक आठवल्या. मारुतीराव उशीला टेकून बसले होते. त्यांनी मला एकच विचारलं, "मेंढरं किती हुती, बघितली का?"

मी मोजली नव्हती. ते जरा नाराज झाले.

चुलतदिरांना त्यांचा कळप घेऊन पुढच्या गावाला निघायचं होतं, म्हणून कोंडाबाईंना त्याच दिवशी परत जावं लागणार होतं. दवाखान्यात मारुतीरावांची बहीण थांबणार होती. आमचा रस्ता सोलापूरकडचा, उलट्या दिशेचा, तरी मी त्यांना सोडते म्हटलं. दत्तूने आधीच पिकअपचं दार उघडलं होतं.

येडशीचा घाट लागला तेव्हा कोंडाबाई म्हणाल्या, "पाय दावा बगू." मी बूट काढला. त्यांनी घोटा मांडीवर घेतला, वणाच्या कडेने अंगठा दाबत गेल्या, पाऊल वर-खाली फिरवलं. मेंढरांचे पाय त्या अशाच बघत असणार.

"हाड जुळलंय चांगलं," त्या म्हणाल्या. "तुमीच त्याला लई जपताय."

मग पाऊल खाली ठेवून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. येरमाळा गेलं तरी त्यांचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता. मी त्यांना विचारलं, एकट्या किती दिवस सांभाळाल? त्या म्हणाल्या की दोन महिने तरी. लांडग्यांचं जरा बघावं लागतं, बाकी काही नाही.

ओढ्याच्या तोंडाशी त्या उतरल्या. दवाखान्यातलं पिशवीभर सामान डोक्यावर घेतलं, आम्हाला या म्हणाल्या आणि धोंड्यांवरून चढायला लागल्या. मागे वळून बघितलं नाही. दत्तूने इंजिन बंद केलं. आम्ही दोघं खाली उतरून उभे राहिलो. करंजांच्या आड त्यांचं लुगडं दिसायचं, नाहीसं व्हायचं, आणखी वर दिसायचं. मग दिसेनासं झालं.

बराच वेळ काही ऐकू येईना. मग दरडीवरून त्यांची हाक आली, लांब आणि उंच, आणि तिच्या पाठोपाठ चारी बाजूंनी मेंढरं ओरडायला लागली.